कुंडीतला वाफसा

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोनच गोष्टी विचारल्यात: गांजाच्या लागवडीचं हे काम कायद्यात बसतं ना, आणि दिवसभर त्या हरितगृहात मी नेमकं करते काय. तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

कायद्याचं आधी. कॅनडात गांजा औषध म्हणून २००१ पासून मिळू लागला आणि १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी सरसकट कायदेशीर झाला. आमच्यासारख्या ठिकाणी लागवडीला केंद्रीय आरोग्य खात्याचा परवाना लागतो आणि झाडांची नोंद काटेकोर ठेवावी लागते. घरीसुद्धा चार झाडांपर्यंत मुभा आहे, क्वेबेकात मात्र तीही नाही. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानुसार विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे. तेव्हा तिकडे कुणी हौसेने एखादं रोप लावायचं म्हणालं, तर त्याला तिथेच थांबवा.

आता कामाचं. माझ्याकडे फुलोऱ्याच्या आधीचा टप्पा आहे, म्हणजे नुसती पानं, खोड आणि मुळं वाढण्याचा काळ. या पिकात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि कामाची असते ती मादी. म्हणून बी पेरत नाहीत, निवडलेल्या मादी झाडाच्या फांद्यांपासून छाटकलमं करतात. कलमाला मुळं फुटली की ते माझ्या ताब्यात येतं. शेवंतीसारखंच हेही रात्र मोठी झाली की फुलावर येणारं झाड. म्हणून आम्ही त्याला अठरा तास उजेड आणि सहा तास अंधार देतो. उजेड असा लांबवत ठेवला, की झाड फुलाकडे वळत नाही, फुटवे काढत राहतं. पुरेशी पेरी धरली की शेंडा खुडतो. मग बगलेतले फुटवे जोर धरतात आणि झाड उंच न होता पसरतं. फुलोऱ्याला पाठवायचं ठरलं, की उजेड बारा तासांवर आणतात.

हे सगळं वेळापत्रकाने जमतं. पाणी तसं जमत नाही, आणि माझं खरं काम तेच आहे.

शेतात जास्तीचं पाणी खाली जायला जमीन खोल असते. कुंडीचा तळ वीतभरावर. पाणी दिल्यावर तळाशी एक थर ओलागच्च राहतोच, भोकं कितीही असली तरी. खाली खडी किंवा खापऱ्या घातल्याने तो थर जात नाही, उलट वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. इलाज एकच: माती पहिल्यापासून भुसभुशीत घ्यायची, तिच्यात परलाइटसारखं (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) काहीतरी मिसळायचं आणि कुंडी रोपाच्या मापाची निवडायची. लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावलं, तर त्याची चार मुळं तेवढं पाणी ओढू शकत नाहीत आणि माती दिवसेंदिवस ओली राहते. म्हणून आधी छोटी कुंडी, ती मुळांनी भरली की मोठी.

मुळाला पाण्याइतकीच हवा लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण एक आकडा कळल्यापासून मी पाणी देताना दोनदा विचार करते: पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने जवळपास दहा हजार पटींनी सावकाश सरकतो. मातीतली प्रत्येक पोकळी पाण्याने भरली, की मूळ अक्षरशः गुदमरतं. पांढरी मुळी तपकिरी पडते, मग मुळकूज शिरते. वरचा थर कायम ओला राहिला, तर त्यात बारीक काळ्या माश्या अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात.

यात सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे, पाणी जास्त झालेलं झाडही मान टाकतं. नवीन माणूस ते बघून आणखी पाणी ओततो आणि झाड हातचं जातं. फरक पानाला हात लावून कळतो. तहानलेल्या झाडाचं पान पातळ, मऊ, कागदासारखं लोंबतं, आणि कुंडी उचलली तर हलकी लागते. पाणी जास्त झालेल्याचं पान भरलेलं, जाडसर असतं, देठापासून खाली वळलेलं, आणि कुंडी जड. म्हणून मी प्रत्येक नव्या मदतनिसाला पहिल्या दिवशी एवढंच करायला लावते: भरपूर पाणी दिलेली एक कुंडी आणि सुकलेली एक कुंडी आळीपाळीने उचलायची, हाताला वजन ओळखीचं होईपर्यंत. घड्याळ लावून पाणी देण्यावर माझा विश्वास नाही. हवा दमट असली की झाड कमी पितं, उजेड आणि ऊब वाढली की जास्त. वाढलेलं झाड त्याच कुंडीतून चार दिवसांचं पाणी दोन दिवसांत संपवतं. वेळापत्रकाला हे कसं कळणार?

कुंडी हलकी लागली, बोटाचं पेरभर वरची माती कोरडी झाली, की पाणी द्यायचं, आणि दिलं की पोटभर द्यायचं. सावकाश, कडेपर्यंत सगळीकडे, दिलेल्याचा दहावा ते पाचवा भाग खालून निघेपर्यंत, म्हणजे साचलेले खतांचे क्षार धुऊन जातात. ताटलीतलं पाणी लगेच ओतून टाकायचं. रोप अगदी लहान असेल, तर मात्र बुंध्याभोवती गोल आळं करून थोडंच. म्हणजे मूळ ओलाव्याच्या शोधात बाहेर पसरतं. पीट, म्हणजे दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, असलेली माती फार सुकली, तर पाणी आत न मुरता कडेने निसटतं आणि माणसाला वाटतं की झाड भिजलं. तिथे थोडं पाणी, जरा थांबून पुन्हा थोडं, असंच करावं लागतं. पाण्याचा सामू, म्हणजे आम्लपणा मोजणारा पीएचचा आकडा, मातीसाठी साधारण सहा ते पावणेसातच्या दरम्यान ठेवतो, नाहीतर खत असूनही झाड उपाशी राहतं.

नुसत्या कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा, हिशेब वेगळा. ते ओलं असतानाही हवा धरून ठेवतं, त्यामुळे तिथे ड्रिपने दिवसातून अनेकदा, थोडं थोडं, खत मिसळूनच पाणी जातं. ते सुकू देणं चुकीचं. दोन्ही पद्धती एकाच छपराखाली असल्या की गोंधळ होतो, म्हणून आम्ही रांगा वेगळ्या ठेवल्यात.

तुम्ही वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची आहेत ना, हे बघितल्याशिवाय कधी रानात पाय घालू दिला नाहीत. इथे मी रोज तोच बघते, फक्त कुंडी उचलून. माझी काळजी करू नका. आईला हे पत्र वाचून दाखवा, आणि गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते तिलाच लिहायला सांगा. तुम्ही लिहिलंत, तर नेहमी ‘बरं आहे’ एवढंच असतं.

तुमची,
धाकटी