‘कनिमोझी’तला ‘झ’ कुठून आला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तमिळ नावे आपल्या वर्तमानपत्रांत इंग्रजी स्पेलिंगवरून लिहिली जातात. झेड-एच दिसले की ‘झ’, टी-एच दिसले की ‘थ’. म्हणून कनिमोझी, थुथुकुडी. वर ‘तमिळमध्ये ख, ग, घ नाहीत, लिपीच अपुरी’ असेही ऐकवले जाते. अक्षरे नाहीत हे खरे, पण त्यांच्याविना तमिळ शब्द अडत नाही.

आपल्या पाच वर्गांत 25 व्यंजने, तमिळमध्ये त्या जागी 10. प्रत्येक वर्गातले पहिले आणि शेवटचे तेवढे ठेवले आहे. मधले उच्चार जागेवरून ठरतात.

उन्हाळ्यात बोअर मारायला टीएन पासिंगच्या गाड्या गावोगाव फिरतात, त्यांतल्या बऱ्याच तिरुच्चेंगोडूच्या. हे नाव तमिळमध्ये लिहितात असे: ति-रु-च्-चे-ङ्-को-टु. पहिला ‘त’ शब्दारंभी, म्हणून कठोरच. ‘च’ दुहेरी, तोही कठोर. ‘क’ अनुनासिकामागून आला, त्याचा ‘ग’ झाला. ‘ट’ दोन स्वरांत सापडला, त्याचा ‘ड’. ‘तंबी’सुद्धा लिहायचे त-म्-पि. आपण तरी काय करतो? ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा, अक्षर एकच. आणि वऱ्हाडीत ‘डोळा’ लिहून ‘डोया’ म्हणतातच की!

गोची होते ती संस्कृतातून आलेल्या शब्दांत. ‘गांधी’ लिहिले की अक्षरे ‘कान्ति’ अशी पडतात. पाप आणि भाव, दोन्ही ‘पावम्’. तिथे शब्द आधीच ठाऊक असावा लागतो. ज, ष, स, ह यांच्यासाठी ‘ग्रंथ’ या संस्कृत लिहिण्याच्या जुन्या दाक्षिणात्य लिपीतून अक्षरे घेतली, पण ग, ध, भ यांच्यासाठी नाही. उलट ऱ्हस्व आणि दीर्घ ए, तसेच ओ, यांना तमिळमध्ये स्वतंत्र अक्षरे आहेत. आपल्याकडे ती सोय नाही.

आता तो ‘झ’. जीभ मागे वळवून काढायच्या त्या ध्वनीचे अक्षर ‘तमिळ’ या शब्दातच शेवटी येते आणि तिथे आपण बिनदिक्कत ‘ळ’ लिहितो. मग कनिमोळी का नाही? मल्याळममध्येही हाच ध्वनी आहे, तेव्हा कोझिकोडचे कोळिकोड करावे. टी-एच म्हणजे तिकडे बहुधा साधा ‘त’, कारण नुसता टी त्यांनी ‘ट’साठी राखला आहे. म्हणून तूत्तुक्कुडी. अगदी काटेकोर लिहायचे तर युनिकोडच्या देवनागरीत खाली टिंब असलेला ‘ऴ’ आहे, पण बातमीपुरता साधा ‘ळ’ पुरतो.

– एक भाषा शिक्षक, ता. वणी, जि. यवतमाळ