निविदेतला स्वस्त दर प्रवाशांना महाग

संपादक महोदय,

‘बेस्ट’च्या वेट लीज व्यवस्थेत बस, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची, तिकिटाचे पैसे ‘बेस्ट’चे. कंत्राटदाराला मोबदला धावलेल्या किलोमीटरवर, मग बस रिकामी असो वा खच्चून भरलेली. खासगी पैसा आणायला ही पद्धत वाईट नाही. खोट निविदेत आहे. सर्वांत कमी दर भरणारा जिंकतो; पुढे इंधन, सुटे भाग महागले की आधी चालकांचा पगार थकतो, पाठोपाठ ब्रेक-टायरची देखभाल. काम बंद पडले की गाड्या आगारात आणि प्रवासी थांब्यावर! स्वतःचा ताफा आटलेल्या ‘बेस्ट’कडे तेव्हा पर्यायी बस कुठली? देयकातून पगाराची रक्कम थेट चालकाच्या खात्यात वळवावी आणि कंत्राटदार मध्येच निघून गेल्यास गाड्या ताब्यात घेण्याचे कलम करारात असावे.

– एक वाचक, मुंबई