वेग ठरवायचा कोणी?

महोदय,

शाश्वत विकासाची चर्चा बहुधा उद्दिष्टांच्या घोषणेपाशीच थांबते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये अशी १७ उद्दिष्टे २०३० सालासाठी मुक्रर केली. परंतु तिथवर पोहोचण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, याचे उत्तर बहुतेक सरकारांनी मोघमच ठेवले आहे. या बाबतीत ब्रिटनचा अनुभव बोलका आहे. तेथील २००८ च्या हवामान बदल कायद्याने दर पाच वर्षांसाठी हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची कमाल मर्यादा आखणे सरकारवर बंधनकारक केले आणि झालेल्या कामाचा हिशेब संसदेपुढे मांडणारी स्वतंत्र समिती नेमली. कार्बन उत्सर्जनावरील आकारणी आणि समुद्रातील पवनऊर्जेला मिळालेली हमीदराची कंत्राटे यांची जोड लाभल्याने, २०१२ मध्ये सुमारे ४० टक्के वीज कोळशापासून बनवणाऱ्या या देशातील शेवटचे कोळसा वीजकेंद्र, आठ अजस्र शीतक मनोऱ्यांचे रॅटक्लिफ, ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. (याच देशात १८८२ मध्ये लंडनमध्ये कोळशावरचे सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले होते!)

मात्र नुसती घाई उपयोगाची नाही. १९८० च्या दशकात ब्रिटनमधील कोळसा खाणी झपाट्याने बंद झाल्या, तेव्हा खाणकामगारांच्या वस्त्यांना कोणी वाली उरला नव्हता. याउलट जर्मनीने २०२० मध्ये कोळशापासूनची वीजनिर्मिती २०३८ पर्यंत थांबवण्याचा कायदा करताना कोळसापट्ट्यांच्या पुनर्रचनेसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूदही केली. म्हणूनच यापुढे कोणत्याही सरकारने उद्दिष्टाचे वर्ष जाहीर केले, की टप्पे कोणते, तपासणार कोण आणि रोजगार गमावणाऱ्यांसाठी तरतूद किती, हे तीन प्रश्न वृत्तपत्रांनी त्याच दिवशी विचारावेत.

– एक वाचक