गूगलवर दिसणाऱ्या त्या दोन ओळी रिकाम्या ठेवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गूगलवर काही शोधलं की निळ्या अक्षरात पानाचं नाव येतं आणि त्याखाली बारीक अक्षरात दोन ओळी येतात, त्या दोन ओळींबद्दल हे पत्र आहे. त्या ओळींसाठी लिहून ठेवायच्या मजकुराला वेबसाइट करणारे मेटा डिस्क्रिप्शन म्हणतात. ती पानावर कुठंच दिसत नाही, आत कोडमध्ये असते, म्हणून साइट करून घेणाऱ्याचं तिकडं लक्ष जात नाही आणि करून देणारा पण रिकामी सोडून देतो. मी लातुरात शाळा, ट्रस्ट, शेतकरी कंपन्या आणि छोट्या दुकानदारांच्या साइट करून देतो, नवीन काम आलं की आधी ह्या ओळी बघतो, आणि आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या ज्या साइट माझ्या नजरेखालून गेल्या त्यात बहुतेक ठिकाणी ही जागा एकतर कोरी नाहीतर सगळ्या पानांना एकच वाक्य चिकटवलेलं.

कोरी सोडली की काय होतं ते सांगतो. गूगल मग पानावरचाच कुठलातरी मजकूर उचलतं. आता आपल्याकडच्या पानावर वरच्या बाजूला काय असतं, तर "मुख्य मजकुराकडे जा, अ लहान, अ मोठा, होम, आमच्याविषयी, गॅलरी, संपर्क", मग तेच तिथं दिसायलंय. नाहीतर संस्थेच्या स्थापनेचा उदात्त हेतू. नोटीस फोटो काढून टाकलेली असली तर उचलायला धड मजकूरच नाही. आणि जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर युनिकोड (म्हणजे कुठल्याही मोबाइलवर वाचता येणारं टायपिंग) न करता तसाच पेस्ट केलेला असला तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी, ती कुणाला वाचता येणार? कळंबचा किंवा औशाचा माणूस पोराच्या अॅडमिशनचं बघायलाय, त्याला एवढंच पाहिजे की फॉर्म चालू आहेत का, कोणते कागद लागतात, हॉस्टेल आहे का. ते त्या दोन ओळींत मावतं. पण त्याला गॅलरी आणि संपर्क वाचून एकेक साइट उघडून बघावी लागते, रेंज धड नसते, पान उघडता उघडत नाही, शेवटी तो कुणाला तरी फोन लावतो किंवा गाडीला पैसे घालून शहरात येतो. हे मला लई लागतं, कारण माहिती साइटवर होती, फक्त दारापाशी कुणी सांगितली नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो कारण ह्यात लोकांचे पैसे जायलेत. मेटा डिस्क्रिप्शन भरली की साइट गूगलमध्ये वर येते असं सांगून पॅकेज विकणारे फिरत असतात. गूगलने २००९ सालीच जाहीर केलंय की नंबर लावताना ही डिस्क्रिप्शन धरत नाही आणि कीवर्डचा टॅग (कोडमध्ये शोधशब्दांची यादी लिहायची जागा) तर अजिबातच धरत नाही. मग लिहायची काहून? कारण दहा नावांमधून आपलं नाव दाबायचं का नाही हे माणूस त्या दोन ओळी वाचून ठरवतो. म्हणूनच त्यात "लातूर बेस्ट कॉलेज, टॉप कॉलेज लातूर, कॉलेज इन लातूर" असं ठासून भरण्यात काही अर्थ नाही, मशीन तिकडं बघत नाही आणि माणसाला ते वाचवत नाही. शिवाय तुम्ही लिहिलेलंच गूगल दाखवेल अशी पण गॅरंटी नाही, शोधणाऱ्याच्या प्रश्नाला पानावरचं दुसरं वाक्य जास्त जुळतंय असं वाटलं तर ते वाक्य दाखवतं. त्यामुळं पानावरचा मजकूर पण स्वच्छ पाहिजेच, पण तुमची ओळ त्या पानाला नेमकी जुळणारी असली तर ती दिसायची शक्यता वाढते.

आता लांबी. हा मुद्दा मराठीत कुणी नीट सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. इंग्रजी लेखांत सगळीकडं १५० ते १६० कॅरेक्टर असं छापलेलं असतं आणि आपले पोरं तेच घेऊन बसतात. मुळात गूगलने असा पक्का आकडा दिलेलाच नाही, स्क्रीनच्या रुंदीत जेवढं बसेल तेवढं दाखवतात आणि बाकीचं तोडतात. २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी ह्या ओळी जवळपास दुप्पट लांब केल्या होत्या आणि २०१८ च्या मेमध्ये परत आखूड केल्या, म्हणजे ज्यांनी घाईघाईत सगळी पानं लांबवली त्यांचं काम वाया गेलं. आणि मराठीचं गणितच वेगळं. "विद्यार्थ्यांसाठी" हा शब्द बघा, डोळ्याला अक्षरं पाच, पण काना, वेलांटी, अनुस्वार, अर्धं अक्षर जोडणारा हलंत हे सगळं कॉम्प्युटर वेगळं मोजतो, त्याच्या हिशोबात हा शब्द १७ कॅरेक्टरचा. त्यामुळं मोजणारं टूल लाल रंग दाखवतं आणि पोरगा घाबरून चांगलं वाक्य मधेच कापतो, तेव्हा स्क्रीनवर अजून जागा शिल्लक असते. माझं म्हणणं, आकडा सोडा, पान गूगलमध्ये आलं की साध्या स्वस्तातल्या मोबाइलवर शोधून बघा कुठं तुटतंय, आणि कामाची गोष्ट पहिल्या सात-आठ शब्दांत आणा म्हणजे मागचं तुटलं तरी बिघडत नाही.

कामाची गोष्ट म्हणजे काय? वेरूळला गाडी आणि गाइड देणाऱ्याची साइट असेल तर "ऐतिहासिक वारशाचा अविस्मरणीय अनुभव" हे कुणालाही लागू पडतं. त्याऐवजी "वेरूळ लेणी मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. संभाजीनगरहून दोन्हीकडं गाडी, मराठी-हिंदी गाइड, कैलास लेण्यासाठी निवांत वेळ" असं लिहा, पुण्या-मुंबईचा माणूस वाचूनच आपला बेत ठरवील. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीची माहिती देणारं शेतकरी कंपनीचं पान असेल तर "नोंदणीला पीकपेरा असलेला सातबारा, आधार, बँक पासबुक आणा. ओलावा १२ टक्क्यांपर्यंत. केंद्राचा पत्ता आणि वेळ आत" एवढं पुरे. हे वाचून शेतकरी माल वाळवूनच आणील, ओला माल घेऊन आला आणि परत नेला तर भाड्याचा खर्च त्याच्याच बोकांडी. जालन्याची मोसंबी घरपोच पाठवणारे असतील तर कोणता बहार, किती किलोची पेटी, कुठल्या गावांना पोचते हे लिहा. "उत्तम दर्जा, वाजवी दर" तर सगळेच लिहितात.

प्रत्येक पानाची ओळ वेगळी पाहिजे. शंभर पानं असली तर एकदम सगळी लिहीत बसू नका, आधी होमपेज आणि लोक जास्त येतात ती पानं घ्या, कोणती ते साइटच्या मालकाला गूगलच्या सर्च कन्सोल नावाच्या टूलमध्ये फुकट दिसतं, लोकांनी काय टाइप केलं होतं ते पण दिसतं आणि तेच शब्द आपल्या ओळीत आले तर उत्तम. तारीख गेलेली ओळ बदला, मागच्या वर्षीची "प्रवेश सुरू" अजून लटकलेली असते आणि पालक फसतात. बदलल्यावर सर्च कन्सोलमधून ते पान परत बघायची विनंती टाकता येते, तरी नवी ओळ दिसायला थोडे दिवस जातात. अजून एक बारीक गोष्ट, कोडमध्ये हाताने लिहिताना ओळीच्या आत दुहेरी अवतरण चिन्ह वापरू नका, तिथंच ओळ संपली असं धरलं जातं.

व्हॉट्सअॅपचं पण ह्यातच येतं. आपल्याकडं लिंक गावाच्या ग्रुपवर फिरते तेव्हा खाली जो छोटा चौकोन दिसतो, त्यातल्या मजकुरासाठी ओजी डिस्क्रिप्शन नावाचा वेगळा टॅग असतो, तो पण भरून घ्या. ग्रुपवरचे निम्मे लोक लिंक न दाबता तेवढंच वाचतात असं माझं निरीक्षण आहे.

आणि संपादक साहेब, शेवटचं तुमच्याकडं मागणं. मराठी पेपरांच्या वेबसाइटवर बातमीखालची ओळ हल्ली "नेमकं काय घडलं? जाणून घ्या सविस्तर" अशी असते. धरणाचं पाणी सोडलं, रस्ता बंद झाला, परीक्षा पुढं गेली अशा बातमीला तरी असं करू नका. जायकवाडीतून विसर्ग वाढला तर गोदाकाठच्या माणसाला किती आणि कधीपासून हे त्या ओळीतच दिसू द्या, त्याला क्लिक करायला तेवढा वेळ असेलच असं नाही. तुमच्या वेब टीमला एवढं सांगाल, आणि हे पत्र छापलंत तर ते कॉलेजांच्या, ट्रस्टांच्या, बाजार समित्यांच्या ऑफिसात पण वाचलं जाईल, म्हणून लिहायलोय.

आपला,
वेबसाइट बनवणारा एक वाचक, लातूर