बाळंतपणातलं बीपी विसरू नका

महोदय,

गरोदरपणात बीपी वाढलं, गोळ्या सुरू झाल्या, बाळ सुखरूप झालं, बीपी उतरलं, की घरातले सगळे ‘सुटलो एकदाचे’ म्हणून मोकळे होतात. सहा आठवड्यांनी आईची तपासणी झाली तरी नशीब. सगळ्यांचं लक्ष तोवर बाळाच्या लसींकडे लागलेलं असतं.

पण गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० च्या वर गेलेला तो आकडा पुढचं बरंच काही सांगून जातो. प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांवरही परिणाम होण्याचा आजार) झालेल्या स्त्रियांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो, हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू न शकण्याचा, तर सुमारे चौपट. त्यापायी मुदतीआधीच बाळंतपण करावं लागलं असेल, तर धोका आणखी वाढतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ मध्येच हा इतिहास हृदयविकाराच्या जोखमीत धरला. तरीही पंचेचाळिशीतली बाई धाप लागते म्हणून दवाखान्यात गेली, की मधुमेह विचारतात, वडिलांचा हार्ट अटॅक विचारतात. बाळंतपणात बीपी होतं का, हे क्वचितच. केसपेपरवर तेवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे?

बायकांनीही डिस्चार्ज कार्ड रद्दीत घालू नये. बीपी वर्षातून एकदा तरी मोजावं. साखर आणि कोलेस्टेरॉल किती दिवसांनी तपासायचं, ते डॉक्टरांना विचारावं. आणि हो, जिना चढताना लागणारी धाप ‘वय झालं’ म्हणून अंगावर काढू नये.

– एक वाचक