युद्धसंग्रहालयांची कौटुंबिक सहल: शनिवार-रविवारसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

घरून किती जण येणार, हे ज्यांनी अजून कळवलेले नाही त्यांनी गुरुवारपर्यंत नक्की कळवा. चाकाची खुर्ची लागणार असेल तर तेही आत्ताच सांगा.

शनिवारचा बहुतेक वेळ रणगाड्यांसाठी ठेवला आहे, आणि तो पुरणार नाही असेच वाटते. १५ सप्टेंबर १९१६ रोजी पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधील सोमच्या लढाईत रणगाडा प्रथमच रणांगणात उतरला. त्या ब्रिटिश मार्क-१ मध्ये आठ जण इंजिनाला खेटून, त्याच्याच धुरात आणि उकाड्यात बसत. मुलांना हे आधी सांगून ठेवा. मग आत शिरायची दारे किती अरुंद असतात, ते ती आपणहून वाकून बघतील. बघावे, पण वर चढू नये.

खंदकाच्या देखाव्यात अंधार असतो आणि तोफांचे आवाज लावलेले असतात. लहानगी दचकतात, त्यांना कडेवर घ्या.

रविवारी गणवेश, पदके आणि सैनिकांची पत्रे. (छोटी मंडळी इथे कंटाळणार, हे गृहीत धरा.) जुन्या कापडाचे रंग उजेडाने विटतात, म्हणून फ्लॅश बंद ठेवा. मोठ्या बॅगा गाडीतच राहू द्या.