ताळा जुळायला लागलाय

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. परवा फोनवर बाबांनी विचारलं अभ्यास कसा चाललाय आणि मी नुसतं "ठीक" म्हणून विषय बदलला, ते तुम्हाला कळलं असणारच, म्हणून आता नीट सांगते.

पहिली टेस्ट वाईट गेली, सर्किट अ‍ॅनालिसिसची. एवढ्या वर्षांनी परत शिकायला बसले, सगळे व्हिडिओ पाहिले, वहीभर नोट्स काढल्या, आणि पेपरात चार रेझिस्टर आणि दोन सोर्स, म्हणजे बॅटरीसारखे वीज पुरवणारे भाग, असलेलं सर्किट समोर आलं तर पहिलं समीकरण कुठून मांडायचं हेच सुचेना. घरी आल्यावर खूप वेळ नुसती बसून होते. मग लक्षात आलं की इतके दिवस मी दुसऱ्यांनी सोडवलेली गणितं बघत होते, स्वतःच्या हाताने जेमतेम दहा सोडवली असतील.

मग सरावाचं साहित्य शोधायला लागले तर ते इतकं आहे की शोधण्यातच एक आठवडा गेला. शेवटी बाबा, तुमचीच गोष्ट आठवली, भागाकार झाला की गुणाकार करून ताळा बघायला लावायचात ना, आणि आई तू वहीतल्या उत्तरावर पुठ्ठा ठेवायचीस. तीच कसोटी लावली. जिथे आधी मला झटावं लागतं आणि उत्तर नंतर बघायला मिळतं तेच ठेवलं, बाकी सगळं बंद केलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या वेबसाइटवर सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स नावाचा अख्खा कोर्स फुकट आहे, त्यातले असाइनमेंट आणि परीक्षेचे पेपर मी घड्याळ लावून सोडवते. पुस्तक एकच ठेवलंय, ज्यात सोडवलेल्या उदाहरणाखाली लगेच तसाच एक प्रश्न असतो आणि खाली फक्त अंतिम उत्तर, पायऱ्या नाहीत. चुकलं तर कुठे चुकलं ते आपणच शोधायचं, आणि खरं शिकणं तिथेच होतं असं मला आता अगदी वाटतं.

ताळ्यासाठी सिम्युलेटर वापरते, म्हणजे सर्किट कॉम्प्युटरवर चालवून दाखवणारा प्रोग्राम. फालस्टॅडचा ब्राउझरमध्येच चालतो, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, करंट म्हणजे पिवळे ठिपके तारेतून पळताना दिसतात, कुठे जास्त कुठे कमी ते डोळ्यांनी कळतं. कपॅसिटर चार्ज होताना ठिपके हळूहळू मंदावत थांबतात ते पाहिलं आणि जो ट्रान्झियंट, म्हणजे करंट-व्होल्टेज स्थिर होईपर्यंतचा बदल, महिनाभर डोक्यात शिरत नव्हता तो एका संध्याकाळी शिरला!! मोठं सर्किट असलं की एलटीस्पाइस, तेही फुकटच, प्रत्येक नोडचं, म्हणजे तारा जुळतात त्या जागेचं, व्होल्टेज छापून देतं. पण आधी कागदावर, मग सिम्युलेटर, हा नियम मी मोडत नाही, कारण सिम्युलेटर उत्तर सांगतो, माझं अधिक-उण्याचं चिन्ह कुठल्या ओळीत उलटं पडलं ते सांगत नाही. माझ्या निम्म्या चुका चिन्हाच्याच निघाल्या. आणि बाकीच्यातल्या बऱ्याच डिपेंडंट सोर्सच्या, म्हणजे ज्यांचं मूल्य सर्किटमधल्या दुसऱ्या करंट किंवा व्होल्टेजवर ठरतं त्यांच्या. थेव्हेनिनच्या पद्धतीत अख्ख्या सर्किटऐवजी एक सोर्स आणि एक रेझिस्टन्स घेतात, तो रेझिस्टन्स काढताना फक्त स्वतंत्र सोर्स शून्य करायचे असतात, मी हे डिपेंडंटही शून्य करून टाकायचे.

आता तर गणितं मीच बनवते. बाबा तुमच्यासाठी एक लिहिते. १२ व्होल्टची बॅटरी, तिच्यापुढे ६ ओहमचा रेझिस्टर, मग ३ ओहम आणि २ ओहम एकमेकांना समांतर जोडलेले. ३ आणि २ समांतर म्हणजे १.२ ओहम, एकूण ७.२, करंट १.६७ अँपिअर, आणि २ ओहमवर येतात २ व्होल्ट. थेव्हेनिनने केलं तर २ ओहम बाजूला काढायचा, उरलेलं सगळं म्हणजे ४ व्होल्टचा सोर्स आणि २ ओहमचा रेझिस्टन्स, त्याला आपला २ ओहम परत लावला की ४ व्होल्ट अर्धे अर्धे वाटले जातात, परत २ व्होल्टच. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की इतकं बरं वाटतं, काय सांगू.

आणि हे वाचून तर मी थांबलेच, करंट आणि व्होल्टेजच्या ज्या नियमांवर हे सगळं चालतं ते किर्चहॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४५ मध्ये मांडले तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थी होता.

रोज पाच गणितं करते, रात्री झोपायच्या आधी. दुसरी टेस्ट पुढच्या महिन्यात आहे, या वेळी भीती वाटत नाहीये. आई, गुडघ्याचा व्यायाम चुकवू नकोस. बाबा, डोळ्यांत ड्रॉप्स घातल्यावर लगेच वाचायला बसू नका, पण नंतर वरच्या सर्किटचा शेवटचा ताळा तुम्ही करा. बॅटरी २० वॅट देते. ६ ओहममध्ये किती जातात, ३ मध्ये किती, २ मध्ये किती ते काढून बेरीज करा, करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, बस. किती आली ते रविवारी फोनवर सांगा.

तुमची,
धाकटी